आषाढातलं हेलिकॉप्टर

आषाढ लागला की आमच्या कोल्हापुरात माणसं एकमेकांना ‘बरं आहे का’ असं विचारत नाहीत. ‘पाणी किती?’ असं विचारतात. भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, शाळेच्या दारात शिपाईमामा विचारतात. पाणी म्हणजे पंचगंगेचं, आणि किती म्हणजे किती फूट. कुणाच्या तरी मोबाइलवर आकडा आलेला असतो. तो ऐकायचा, ‘अगं बाई’ म्हणायचं आणि छत्री सावरत पुढं जायचं. ही भीती सगळ्या गावाची मिळून असते, म्हणून ती सोसवते. चहा पिता पिताही तिच्याबद्दल बोलता येतं.

माझी यंदाची भीती मात्र माझ्या एकटीच्या घरातली आहे आणि ती मोजायला माझ्याकडं फूटपट्टी नाही. माझा धाकटा भाऊ संग्राम ज्येष्ठात पुन्हा जहाजावर गेला. जहाज कुणाचं, कुठल्या बंदरातलं, हे तो सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, “अक्का, तू भूगोल शिकव की गपगुमान.” त्याचं काम तेवढं ठाऊक आहे. जहाजाच्या मागच्या बाजूला सपाट डेक असतो, त्यावर हेलिकॉप्टर उतरतं, आणि ते उतरलं की धावत जाऊन त्याला साखळ्यांनी बांधायचं. एवढंच. म्हशी बांधणाऱ्या घरातल्या पोराला हेलिकॉप्टर बांधायची नोकरी लागली, म्हणून गल्लीत केवढी चेष्टा झाली होती तेव्हा! “आबा, आता त्येची धार बी काढायला लावत्यात काय बघा,” असं आमच्या वडिलांना म्हणत लोकांनी आमचेच पेढे खाल्ले होते.

मी खरंच भूगोलच शिकवते. दरवर्षी या दिवसांत फळ्यावर नकाशा टांगायचा, अरबी समुद्रावर खडूनं बाण काढायचे, नैऋत्येकडून ईशान्येकडं. हे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि पाऊस पडतो. इतक्या वर्षांत हे बोलताना माझी जीभ कधी अडली नाही. आता बाण काढायला लागले की हात मधेच थांबतो. या बाणांखाली कुठंतरी तो आहे. आमच्या पत्र्यावर वाजणारा पाऊस ज्या वाऱ्यानं आणला, तो वारा आधी त्याच्या डेकवरून गेलेला आहे. परवा एका पोरीनं पहिल्या बाकावरून सांगितलं, “बाई, बाण अर्धाच काढलाय तुम्ही.” मी तिच्यावर खेकसले, “मग तू काढ की पुरा, तुला हात न्हाईत व्हय?” बिचारी उठून आली आणि तिनं तो बाण नीट आपल्या किनाऱ्यापर्यंत आणून सोडला.

आमच्याकडं हेलिकॉप्टर म्हणजे पुढारी. निवडणूक आली की कुठल्यातरी शाळेच्या मैदानावर चुन्याचा मोठा गोल आखला जातो, पोलीस येतात, पोरांना अर्धी सुट्टी मिळते. मग ते घरघरत येतं, सगळ्यांच्या डोक्यात धूळ घालतं, बायका पदर तोंडावर धरतात आणि कुणाची तरी टोपी जाते. मुरगूडकडच्या एका लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरनं आला होता. मी होते त्या लग्नात. वऱ्हाड जेवण सोडून त्या माळावर पळालं, मुलीच्या मामाचा फेटा उडून शेजारच्या उसात गेला आणि मुहूर्त टळला तरी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आणि महापुराच्या वर्षी तेच हेलिकॉप्टर जेव्हा पाण्यावरून आलं, गच्चीवर अडकलेल्या माणसांना पाकिटं टाकत, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी त्याला हात जोडले. मीही जोडले. ते कुठून आलं, संध्याकाळी कुठं जाऊन बसणार, त्याला कोण धरणार, हे तेव्हा कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आभाळातून आलेली गोष्ट आभाळातच राहत असणार, असंच आपल्याला वाटत असतं.

ती कुठं बसते, हे मला संग्रामनं आमच्या सोप्यात बसून दाखवलं. जेवण झालं होतं. त्यानं स्वतःचं खरकटं ताट धुऊन आणलं, थोडं ओलंच ठेवलं, त्यावर एक वाटी उपडी घातली.

“ही वाटी म्हंजे हेलिकॉप्टर. ताट म्हंजे डेक. आता धर आनि हालीव.”

मी ताट जरा कलतं केलं. वाटी सरकली.

“आसं न्हवं. पुढं-मागं बी कर. डावं-उजवं बी कर. आनि वर-खाली बी. सगळं एकदम कर.”

“एकदम कसं करू रे?”

“समुद्र करतोय की!”

वाटी खाली पडली, घरंगळत उंबऱ्याशी गेली. आम्ही दोघं हसलो. मग त्यानं मला सांगितलं की, पायलट जहाजाच्या मागं हवेत थांबून राहतो. वाट बघत. खवळलेल्या समुद्रातसुद्धा मधेच जहाज जरा शांत होतं, दम खाल्ल्यासारखं. तेवढ्यात त्याला टेकायचं असतं. टेकलं की दोन्ही बाजूंनी ही पोरं वाकून धावतात, वर पाती फिरत असतात, समोर खारं पाणी वाऱ्यानं तोंडावर मारत असतं, डोळ्यांवर चष्मा असला तरी काचेवर मीठ. आवाज इतका की शेजारचा ओरडला तरी तोंड उघडलेलं तेवढं दिसतं. सगळं काम हातवाऱ्यांनी. शेपटीकडं एक लहान पंखा असतो. तो फिरताना दिसतच नाही, हवाच वाटते. तिकडं जायचं नाही. आणि सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर पाती थांबायला लागतात ती.

“थांबताना कसली आलीय भीती?” मी विचारलं.

“जोरात फिरत असत्यात तवर ती ताठ असत्यात, अक्का. जोर कमी झाला की पडत्यात खाली, लवत्यात. त्यात वाऱ्याचा झोत आला की पार डोक्याच्या उंचीला येत्यात. थांबलं वाटून ताठ उभा राह्यला, तो गेला.”

मी म्हटलं, पुरे. त्याला वाटलं मला कंटाळा आला. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, अशी त्याची ठाम समजूत आहे.

सुट्टीवर आला की पहिले काही दिवस तो हातांनीच बोलतो. शिवाजी पेठेत माणूस शेजारच्याला हाक मारतो ती पलीकडच्या गल्लीत ऐकू जावी अशी. आणि हा आमचा पोरगा मुकाट उभा राहून हात वर करतो, तळवे पुढं धरतो, मुठी आवळतो. दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशीचं ताजं दूध प्यायला गर्दी होते, तिथं एकदा कुणाची तरी दुचाकी गर्दीत नीट लावता येईना, तर यानं समोर उभं राहून दोन्ही हातांनी तिला असं काही जागेवर आणलं की लोक धारेचा पेला हातात धरून बघत राहिले. “काय भावा, इमान उतरवलंस व्हय!” कुणीतरी म्हणालं. खूप हसलो. त्याचे ते हात कुठल्या वाऱ्यात शिकलेत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे आमचे वडील. दूध कट्ट्यावर म्हशी नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढणाऱ्या माणसांपैकी ते एक. लांब शिंगांच्या, काळ्याभोर म्हशी, आणि त्यांच्यावर यांचा जीव आमच्यापेक्षा जास्त. आई म्हणायची, “ह्यांच्या म्हशीला शिंक आली तर हे डॉक्टर आणतात, मला ताप आला तर काढा कर म्हणतात.” आमचा गोठा घराच्या मागं, फरशीचा. पावसाळ्यात ती फरशी शेवाळते. कितीही राख टाका, पाचट पसरा, म्हैस वळताना पाय सरकतो. मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ती बसली की संपलं. कंबर जाते, पुन्हा उभी राहत नाही. दुधात असलेलं, भरलेलं जनावर डोळ्यांदेखत जातं आणि माणसाला करता काही येत नाही.

म्हणून आबांनी संग्रामला पहिली गोष्ट शिकवली ती खांदा लावायची. म्हैस घसरायला लागली की मागं व्हायचं नाही. पुढं घुसायचं. तिच्या फऱ्याला आपला खांदा लावायचा, पाय भिंतीला टेकवायचे आणि तिला हाक मारायची. तिला नुसता आधार कळला पाहिजे, बाकीचं ती स्वतः सावरते. “ती पडाय लागली की तू इचार करत बसू नगंस. इचार कराय लागलास की ती पडली.” मी हे कितीदा ऐकलंय! संग्राम तेव्हा म्हशीच्या पोटाएवढा होता. पुढं पुढं त्याला सांगावं लागेना. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पाठमोरा उभा राहून दावं सोडत होता, मागं फरशीवर खूर सरकल्याचा आवाज झाला आणि हा वळून बघायच्या आत खांद्यानंच तिथं पोचला. आबांनी काही शाबासकी दिली नाही. नुसते म्हणाले, “हं.” त्यांच्या तोंडून ‘हं’ निघणं ही आमच्या घरात मोठीच गोष्ट.

गेल्या वर्षी याच दिवसांत संग्रामचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, जरा बसका.

“अक्का, जरा पडलोय. खांद्याजवळचं हाड मोडलंय, दोन बरगड्या गेल्यात. दवाखान्यात हाय. आबास्नी सांगू नगं.”

“पडलास कुठं?”

“डेकवर. निसरडं असतंय की.”

मी रडले, त्याच्यावर ओरडले, मग कुठल्या गावात आहेस ते तरी सांग म्हणाले. तेही त्यानं सांगितलं नाही. मला गाडीत बसून निघायचं होतं आणि कुठं जायचं ते माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी शाळेत काय शिकवलं, मुलांनाच ठाऊक. आबांना मी सांगितलं नाही. पण रोज संध्याकाळी ते धार काढून आले की माझ्या तोंडाकडं एकदा बघायचे आणि पुन्हा गोठ्यात जायचे.

दिवाळीच्या आत तो घरी आला, हात गळ्यात बांधलेला. पाडव्याला आमच्या गावात म्हशी सजवून फिरवतात, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरू, पायात तोडे, अंगावर केस कातरून नक्षी, आणि मालकाच्या हाकेवर ती म्हैस गर्दीतून पळत जाते. दरवर्षी आमची चंद्री संग्रामच्या हाकेवर पळायची. त्या वर्षी तो ओट्यावर बसून होता, आबा शिंगांना रंग देत होते आणि मी रंगाचा डबा धरून उभी होते. आबांनी मान वर न करता विचारलं, “कसा पडलास?”

आणि त्यानं खरं ते सांगितलं. कौतुकानं सांगितलं, हेच मला अजून सहन होत नाही.

“हेलिकॉप्टर उतरलतं, आबा. पाती थांबलीती. आता त्येला आत गोठ्यात न्यायचं.” हेलिकॉप्टर ठेवायच्या जागेला तो गोठाच म्हणतो. “आत ढकलायचं म्हंजे साखळ्या एकेक करून सोडाय लागत्यात. सोडत आनल्या. तेवढ्यात जहाज एका अंगावर आसं कललं की समोर आभाळ न्हाई, समुद्रच उभा. आनि ते सरकाय लागलं. शिट्टी झाली. शिट्टी झाली की सगळ्यांनी हातातलं टाकून मागं व्हायचं, तसा नियमच हाय. सगळी मागं झाली.”

“आनि तू?”

“मी खांदा लावला की! शिट्टी ऐकली मी, खोटं न्हाई सांगत. पर तवर खांदा लागलावता. तुमचीच शिकवन.”

तो हसत होता. आबांचा ब्रश शिंगावर थांबला. चंद्रीनं मान हलवली, रंग त्यांच्या मनगटावर आला.

“वजन केवढं त्येचं?” आबांनी विचारलं.

“आपला आख्खा गोठा, आनि त्यावर दुधाचा टँकर ठेवा.”

“आनि तुझ्या खांद्यानं थांबलं ते?”

संग्रामनं गळ्यात बांधलेला हात सावरला. “न्हाई. एक साखळी राह्यलीती सोडायची. तिच्यानं थांबलं. मी मधे दाबलो. केरळचा एक पोरगा हाय आमच्यात, त्यानं पट्ट्याला धरून मागं वडलं. न्हाईतर…”

त्याचे साहेब दवाखान्यात येऊन त्याच्यावर भडकले होते म्हणे, यंत्र दुसरं आणता येईल, तुझ्या बापाला दुसरा तू कुठून आणून देऊ? हेही त्यानं हसतच सांगितलं. आबा उठले. ब्रश डब्यात टाकला, एक शिंग रंगवायचं राहिलं होतं ते तसंच ठेवून आत गेले आणि कोपऱ्यातल्या पाटावर भिंतीकडं तोंड करून बसले. मी पाणी नेलं. ते म्हणाले, “लई चांगलं शिकवलं म्या.” त्यात राग नव्हता. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तुमची काय चूक, म्हशीसाठी ते बरोबरच होतं, असं काहीतरी. पण ते त्यांनाही माहीत होतंच. पाण्याचा तांब्या ठेवून मी बाहेर आले.

मी खूप विचार केलाय या गोष्टीवर. नियम कानाला कळतो, डोक्याला कळतो. संग्रामला तो पाठ आहे, परीक्षा देऊन पास झालाय तो. पण डोक्याला कळायच्या आधी अंग जे करून बसतं, त्याचं काय करायचं? मी शिक्षिका आहे, शिकवायचं कसं हे मला थोडंफार येतं. शिकवलेलं काढून कसं घ्यायचं, हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. त्याच्या जागी एखादा शहरातला पोरगा असता, ज्यानं कधी जनावराला हात लावला नाही, तो शिट्टीसरशी मागं झाला असता आणि आज धडधाकट असता. आमच्या पोराचं नशीब असं की त्याला चांगलं वळण लागलं होतं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी कामाला योग्य म्हणून लिहून दिलं. मी भांडले, अगदी कडाकडा भांडले. “दुसरं काम माग. कोठारात बसव म्हणावं, स्वयंपाकघरात घाल म्हणावं.”

“मी न्हाई तर दुसरा कुनीतरी बांधनारच की, अक्का. त्याला बी बहीण आसंल.”

“असू दे! मी काय जगाची बहीण नाही!”

तो बॅग भरत राहिला. मग मी एकच विचारलं, “पुन्हा असं सरकलं, तर मागं होशील?”

“व्हईन की,” तो म्हणाला. लगेच म्हणाला. वर्गात ज्यांचा अभ्यास झालेला नसतो ती मुलं ‘समजलं का’ला अशीच पटकन ‘हो बाई’ म्हणतात. मला राग आला, पण स्टँडवर गाडी लागलेली होती.

तो गेल्यावर आबांनी एकच मागणं केलं. “मला समुद्र दाव.” साऱ्या आयुष्यात त्यांनी तो बघितलेला नव्हता, म्हशींना सोडून जाणार कोण? माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. मलकापुरात भजी खाल्ली, आंबा घाटात धुकं असं होतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून उतरलो. आबा पुढच्या सीटवर ताठ बसलेले, धोतर आवरून. रत्नागिरीच्या अलीकडं एका लहान गावात रस्ता सरळ किनाऱ्यावरच गेला. गाडीचं दार वाऱ्यानं उघडेना. उघडलं तर मिटेना. काठाशी पाणी मातकट, पुढं राखाडी, आणि त्याहून पुढं आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आवाज पोटात शिरत होता. आबा बघत राहिले.

“हे सगळं हालतंय?”

“व्हय, आबा.”

“मधी जमीन कुठंच न्हाई?”

“न्हाई.”

किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या, नारळाच्या झापांनी झाकलेल्या. एक कोळी ओसरीत जाळं विणत बसला होता. आबा त्याच्याकडं गेले. “पावणं, होड्या वर का काढल्यात?”

“ह्या दिवसांत कोण नाय जात हो दर्यात,” तो म्हणाला. “नारळी पुनव होऊ दे, मग जायचा.”

“कोनच जात न्हाई?”

“जीव कोणाला नको झालाय?”

आबा मान हलवून परत आले. गाडीत बसले. घाट चढून वर आलो. मग म्हणाले, “कोळ्यास्नी सुट्टी हाय. ज्येंचा जन्म त्यात गेला त्येस्नी सुट्टी हाय, आनि आमच्या पोराला न्हाई.” माझ्या नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. काय सांगणार होते मी त्यांना? जहाजं का जातात, कशासाठी जातात, हे मला पाठ आहे. सागरी सीमा, सागरी मार्ग, बचावकार्य, सगळं आठवीच्या पुस्तकात आहे. शिकवते मी ते.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते घागरीत भरून टेंबलाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर नेऊन घालायचं, ही आमची रीत. पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत पुढं जातं, मागं बायका डोक्यावर घागरी घेऊन, अंगावर पाऊस. आई गेल्यापासून आमच्या घरची घागर माझ्याकडं आली. यंदाही गेले. पायरीवर पाणी ओतलं, हात जोडले आणि मागायला गेले तर काही सुचेना. सगळ्या बाया काय मागत होत्या? पाऊस चांगला पडू दे, धरणं भरू देत, पिकं येऊ देत. माझ्या शेजारी वडणग्याकडची एक शेतकरीण होती, ओल्या पदरानं नाक पुसत मोठ्यानं म्हणाली, “आई, यंदा हात राखू नगंस बघ.” आणि मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी. मी काय म्हणू? वारा जरा कमी सोड? म्हणजे तिच्या भाताला पाणी नको? देवीनं दोघींपैकी कुणाचं ऐकावं? मी तशीच डोळे मिटून उभी राहिले. ती बाई मला म्हणाली, “सरकता काय जरा, मागं रांग हाय.” मी सरकले.

संग्रामचा फोन कधी येईल सांगता येत नाही. आला तर रेंज धड नसते, कुणीतरी मागं रांगेत उभं असतं. बोलणं नेहमी माझ्याशीच. आबांचा आणि फोनचा संबंध तीन प्रश्नांचा: बरा हाईस न्हवं, जेवलास काय, ठेवू काय. उत्तराची वाट न बघता ठेवायचे.

परवा संध्याकाळी मी माहेरी गेले होते. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत, तरी माहेर ते माहेरच. पाऊस भरून पडत होता, आबा धार काढून नुकतेच ओसरीत आले होते, हाताला दूध तसंच होतं. फोन वाजला. “अक्का,” तो म्हणाला, आणि पुढं नुसता वारा. मग तुटक तुटक ऐकू आलं: हवा खराब आहे, आज दोनदा उतरवलं, आता पुन्हा एक उतरणार आहे, त्याआधी दोन मिनिटं मिळाली. मी म्हणाले, “काळजी घे रे.” दुसरं काय म्हणणार? तोवर आबांनी हात पुढं केला. ओला हात. मी फोन त्यांना दिला.

त्यांनी बरा हाईस का विचारलं नाही. जेवलास का विचारलं नाही. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“संग्राम, मी सांगतोय ते ऐक. जनावर पडाय लागलं तर पडू दे. खांदा लावायचा न्हाई. मी शिकवलं ते सोड. पडलं तर पडू दे, मोडलं तर मोडू दे. तू मागं हो. ऐकतोयस? पडू दे त्येला, माझ्या लेकरा.”

उभ्या जन्मात या माणसानं एक जनावर पडू दिलेलं नाही. लेकरा असं त्यांनी आम्हा दोघांपैकी कुणालाच कधी म्हटलेलं नव्हतं. ते थांबले. पलीकडून काही येत आहे का ऐकत राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्यांनी फोन कानापासून काढला, उलटासुलटा करून बघितला आणि माझ्या हातात दिला. फोन कट झालेला होता. कुठल्या शब्दाला झाला, ते कळायला मार्ग नव्हता. मी परत लावून बघितला, लागला नाही.

“ऐकलं काय गं त्यानं?” आबांनी विचारलं.

“ऐकलं, आबा.”

“मग काय म्हनला?”